कंपाची तळटीप

तिसऱ्या वेळीही सही जुळली नाही तेव्हा पेन्शन कचेरीतल्या खिडकीमागच्या बाईंनी आवाज खाली घेतला. त्यांनी आवाज खाली घेतला याचंच मला जास्त वाईट वाटलं. पहिल्या दोन वेळा त्या सरळ म्हणाल्या होत्या, "सार, इन्नोरु तडवै," आणखी एकदा. त्यात काही विशेष नव्हतं, पेन नीट चालत नसेल, कागदाखाली काही मऊ असेल. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्या मागच्या रांगेकडे पाहिलं, शाईचा पॅड काचेखालून हळूच सरकवला आणि तमिळमध्ये म्हणाल्या, अंगठा पुरे होतो सार, अंगठाही चालतो. मग माझी समजूत पटावी म्हणून असेल, त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. वर माझी नोकरीच्या काळातली सही होती, कॉलेजच्या ग्रंथालयातली, एका दमात काढलेली, शेवटच्या अक्षराचं शेपूट बेफिकीर. खाली आजच्या तीन. अक्षरं तीच होती. पण पहिलीपेक्षा दुसरी लहान होती, दुसरीपेक्षा तिसरी, आणि तिन्हींच्या रेघांना बारीक दाते पडले होते, कापड बोथट कात्रीने कापल्यासारखे. मी अंगठा दिला. मी जिवंत आहे हे माझ्या अंगठ्याने सिद्ध झालं, आणि ज्याने चाळीस वर्षं लोकांना पुस्तकं सही घेऊन दिली तो मी मूठ मिटून, अंगठा आत दडवून, बसमध्ये बसलो. पेरिय कोविलच्या, मोठ्या देवळाच्या, थांब्यावर उतरताना दांडी धरायला मूठ उघडावी लागली. कोणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी कोणाला काय.

माझ्या वडलांची, अप्पांची, सही अशीच लहान होत गेली होती. ते तालुका कचेरीत होते आणि 'एकोजी राव' ही त्यांची सही त्या कचेरीत प्रसिद्ध होती. 'व'चं वळण ते इतकं लांब नेत की खालचा शिक्का त्याला चुकवून मारावा लागे. एकसष्टाव्या वर्षी ते वळण आखडलं. प्रथम ते फक्त मला दिसलं, कारण अक्षरांकडे पाहत बसणं हा माझा लहानपणापासूनचा दुर्गुण. मी बोललो नाही. वर्षाने मद्रासच्या डॉक्टरांनी त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि आतून बाहेर जाणारी एक गोल गोल रेघ काढायला सांगितली, जिलबीसारखी. अप्पांनी काढली. ती बाहेर उमलायच्या ऐवजी आतल्या आत आवळत गेली आणि शेवटी तिची एक काळी गाठ झाली. डॉक्टर काही बोलण्याआधी अप्पांनी तो कागद उचलून माझ्या हातात दिला, जणू ग्रंथालयात परत करायचं पुस्तक. त्यानंतर कंपवाताची अकरा वर्षं. चमचा, मग गुंडी, मग घास. त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्या मी लावत असे, आणि ते माझ्या बोटांकडे इतकं लक्ष देऊन पाहत की मला वाटे, हे आता शिकून घेताहेत.

घरी आलो तेव्हा कमलाक्षी मशीनवर होती. तिने चष्म्यावरून माझ्या हाताकडे पाहिलं. "काय हो, आज कोठलें इलेक्शन? आणि अंगठ्याला लावतात कीं काय आतां शाई?" मी म्हटलं, पॅड गळत होता. "सेरी," ती म्हणाली आणि मान खाली घातली. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, तरी तिचं हे 'सेरी', म्हणजे 'बरं', पटलं म्हणून की सोडून दिलं म्हणून, हे मला अजून कळत नाही.

मशीन आमच्या मुलीने, सौम्याने, तीन वर्षांपूर्वी कोयंबत्तूरहून आणून दिलं होतं. कमलाक्षी फोनवर व्हिडिओ पाहून त्यावर गोधडीकाम शिकली. त्यातल्या बायका भराभर इंग्रजी बोलतात, ते हिला अर्धंमुर्धं कळतं, विचारलं तर म्हणे, "त्यांचे हात पाहत्यें मी. बोलणें कशाला?" तंजावुरात गोधडी हा तसा विनोदच आहे. मार्चपासून आम्ही पंख्याखाली ओला पंचा घेऊन निजतो. पण सौम्याची दिव्यश्री ऑगस्टमध्ये शिलाँगला शिकायला जायची होती, आणि तिच्या थंडीसाठी हिने माझ्या आईच्या आणि स्वतःच्या आईच्या लग्नातल्या जुन्या कूरै लुगड्यांचे चौकोन जोडून वरचं कापड तयार केलं होतं. खालचा थर अप्पांच्या वेष्ट्यांचा, धोतरांचा. आजारपणात त्यांना वेष्टी नेसवेना म्हणून त्या कोऱ्याच राहिल्या होत्या. मधे कापसाचा पातळ थर. आता तिन्ही थर एकत्र शिवायचे, आणि नेमका तेव्हाच कमलाक्षीचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना, बाजूला जाईना, एवढं जड कापड मशीनखाली फिरवणं तर दूरच. ती कसलीही प्रस्तावना न करता म्हणाली, "तुमचे हात रिकामेच आहेत. बसा येथें."

एरवी मी हजार कारणं सांगितली असती. मला खिळा ठोकता येत नाही. नारळ फोडायलासुद्धा मी शेजारी देतो. पण मी बसलो, ते तिने सांगितलेल्या पहिल्या गोष्टीमुळे. नेहमीच्या शिवणात सुईखालचे दाते कापड पुढे ढकलतात. आपण नुसतं धरायचं. या कामात ते दाते खाली पाडून ठेवतात. "आतां कापडाला कोणीं ओढणार नाहीं," ती म्हणाली. "तुमचे हात नेतील तिकडे जाईल. सुई एका जागीं वर-खालीं, बाकी सगळें तुमचें." म्हणजे सुई ही लेखणी झाली, पण उलटी, लेखणी स्थिर आणि कागद फिरणार. कापडावर उमटेल ती रेघ निव्वळ माझ्या हाताची असेल, तिला मशीनचा आधार नाही आणि मशीनवर दोष ढकलायची सोयही नाही. मला परीक्षा हवी होती, जी कोणाला सांगावी लागणार नाही. ती घरातच, माझ्या बायकोने, खुर्चीसकट मांडून ठेवली होती.

तिने मला बागकामाचे, तळव्यावर रबरी ठिपके असलेले हातमोजे घातले, म्हणजे कापड निसटत नाही. अप्पांच्या एका वेष्टीतून तिने वीतभर चौकोन फाडले, आत कापूस घालून सरावाचे तुकडे केले, आणि पहिल्या तुकड्यावर खडूने आकृती काढून दिली. आतून बाहेर जाणारी गोल रेघ. "हें सर्वांत सोपें," ती म्हणाली. "गोगलगाय. न थांबतां बाहेर यायचें." मी त्या पांढऱ्या कापडावरच्या निळ्या खडूकडे पाहत राहिलो. तिला तो मद्रासचा कागद माहीत नव्हता. तो मी त्या वेळी एका पुस्तकात ठेवला, मग ते पुस्तक दुसऱ्या पुस्तकांमागे, आणि शेवटी कुठे ते मलाच आठवेना.

पहिली गोगलगाय कापत कापत निघाली. हात मंद आणि पाय जोरात पडला की टाके मुंग्यांसारखे दाट होत. हात पळाला की लांबलचक, पायरी चुकल्यासारखे. पण माझं लक्ष टाक्यांच्या लांबीकडे नव्हतं. खडूच्या रेघेच्या आत एक दाता, बाहेर एक दाता, पुन्हा आत. सहीला पडले होते तेच. मी मागे पेन्सिलीने तारीख घातली आणि तुकडा शब्दकोशात ठेवला. दुसऱ्या दिवशी दुसरा. कमलाक्षी खुर्ची ओढून शेजारी बसे, खांद्यावर गरम पाण्याची पिशवी धरून, आणि भुवया उंचावून पाही. "पायाखालीं पापड आहे असें दाबा. फोडूं नका." किंवा, "एवढा श्वास कोंडून कशाला? मशीन काय परीक्षा घेत आहे?" मी हसत असे. ती आत फराळाचं पाहायला गेली की भिंग काढून रेघ तपासत असे. चाळीस दिवसांत एकोणीस तुकडे झाले. ते मी खिडकीत ओळीने मांडी आणि वळणं मोजी: लहान होताहेत का. कधी वाटे होताहेत. कधी वाटे नाहीत, पण मग वाटे की मला तसं पाहायचं आहे म्हणून. सकाळी दाढी करताना हनुवटीखाली वस्तरा नेण्याआधी मी क्षणभर थांबू लागलो. कॉफीचा पेला दोन्ही हातांनी धरू लागलो. दिव्यश्रीचा फोन आला की तो टेबलावर ठेवून बोलू लागलो, म्हणजे चित्र हलायला नको.

भिंगाने रेघा वाचणं हे माझं एकच कौशल्य. निवृत्तीनंतर मी इथल्या एका जुन्या घराण्याच्या खाजगी मोडी पत्रांची यादी केली होती. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग लेखणी न उचलता अक्षरं तिला टांगत जायचं. त्यामुळे लिहिणाऱ्याचा हात लपत नाही. मी तीन हात वेगळे काढले. पहिला लेखक देखणा, लफ्फेदार, दुसरा घाईचा, आणि तिसरा, ज्याची फक्त अकरा पत्रं होती आणि ज्याच्या प्रत्येक रेघेला कंप होता. त्याच्यावर मी एक तळटीप लिहिली: 'तिसऱ्या लेखकाचा हात कापरा. वृद्ध व व्याधिग्रस्त असावा. यापुढे त्याचे पत्र आढळत नाही, तेव्हा याच सुमारास निवर्तला असावा.' त्या तळटिपेचा मला अभिमान होता. खरं सांगायचं तर माझ्या सबंध आयुष्यात छापून आलेल्या मजकुरात तेवढीच मला आवडत असे. तीत मी अप्पांना ओळखलं होतं, दोनशे वर्षं मागे जाऊन. आता खिडकीतल्या एकोणीस तुकड्यांकडे पाहताना त्या तळटिपेची भाषा मला आपोआप आठवे, आणि तिच्यात 'तिसऱ्या लेखकाचा' या जागी माझं नाव, रघुराम राव, बरोबर बसे. यापुढे त्याची सही आढळत नाही.

विसाव्या तुकड्याच्या वेळी खालचा दोरा संपला. कमलाक्षी खांद्याच्या व्यायामाला गेली होती. भरलेल्या बॉबिन कुठे असतात ते मला ठाऊक नव्हतं. कपाटातला बिस्किटांचा गोल डबा उघडला, तर वर बॉबिन आणि खाली रबराने बांधलेली कापडाची जुडी. सोडली. सरावाचे तुकडे होते, तीन वर्षांपूर्वीचे, निळ्या दोऱ्याचे. मशीनबरोबर निळं रीळ आलं होतं, ते मला आठवलं. तारखा नव्हत्या. कमलाक्षी तारखा घालणारी बाई नव्हे. पहिल्याच तुकड्यावर गोगलगाय होती. मी ती खिडकीत नेली, माझ्या पहिल्या तुकड्याशेजारी ठेवली, भिंग धरलं, आणि दोऱ्याचा रंग सोडला तर माझं कापड कोणतं ते मला कळेना. आत एक दाता, बाहेर एक दाता. बाहेरच्या वेढ्यापाशी जास्त, जिथे हात फिरवून धरावा लागतो. खडूच्या रेघेवर यायची धडपड, ती ओलांडून जाणं, दचकून परतणं. आणि कमलाक्षीचा हात कापत नाही. एकाहत्तराव्या वर्षी ती चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते. पहाटे दारात कोलमच्या रांगोळीसाठी चिमटीतून पीठ सोडते त्या रेघेवर पट्टी ठेवून पाहावी.

माझ्या छातीत काहीतरी सुटू लागलं होतं, ते मी दाबलं. दोन हातांवरून निष्कर्ष काढू नये. मी जुडी पुन्हा चाळली. तळाशी एकच तुकडा लाल दोऱ्याचा होता, आणि त्याच्या कोपऱ्यात इंग्रजी एस, घाईने शिवलेला. सौम्या मशीन लावून द्यायला आली होती, तेव्हा तिने गंमत म्हणून चालवलं असणार. त्रेचाळीस वर्षांची, स्कूटर चालवणारी, टेनिस खेळणारी माझी मुलगी. तिची गोगलगाय आम्हा दोघांपेक्षा वाईट कापत होती.

कमलाक्षी परतली तेव्हा मी जमिनीवर बसलो होतो आणि माझ्याभोवती तिघांचे तुकडे मांडलेले होते. "हें काय," ती म्हणाली, "माझीं जुनीं पापें कोणीं काढलीं बाहेर?" मग तिने माझे तुकडे उलटे करून तारखा पाहिल्या. एक, दोन, पाच. तिसऱ्या तारखेनंतर तिचा चेहरा बदलला. मी सांगितलं. अंगठा, पॅड, पडदा, अप्पांची जिलबी. ती पलंगाच्या कडेवर बसली. खाली रस्त्यावर फुलवाली ओरडत गेली, तिलाही थांबवलं नाही.

"चाळीस दिवस," ती शेवटी म्हणाली. "आणि मला वाटलें, या माणसाला म्हातारपणीं शिवण आवडूं लागलें."

"आवडू लागलंय," मी म्हणालो, आणि ते खरं आहे हे मला तेव्हाच कळलं.

"खोटें बोलूं नका. एकदां बोललांत तें पुरे." तिने डोळे पुसले आणि माझा विसावा, अर्धा तुकडा उचलला. "तुम्ही सुईकडे पाहतां. मीही पाहत होत्यें. सुईकडे पाहिलें कीं हात भितो. कोलम घालतांना बोटाकडे कोण पाहतें? पुढच्या ठिपक्याकडे पाहायचें. रेघ आपण येते मागून." मग जरा थांबून, "त्या कचेरींत पेनाच्या टोकाकडे पाहत बसला असाल. जुनी सही तशीच्या तशी काढायला."

तसंच झालं होतं. पहिली सही जुळली नाही म्हटल्यावर मी दुसऱ्या वेळी माझ्या सहीची नक्कल करू लागलो होतो, आणि तिसऱ्या वेळी नकलेची. मी म्हटलं, म्हणजे काही नाही मग. मिटलं. "आमां, हो, तुमच्या भिंगानें मिटलें," कमलाक्षी म्हणाली. "तुमचें पुस्तकांतलें समाधान मला नको. उद्यां राजगोपालकडे जायचें."

डॉक्टर राजगोपालनी माझं सगळं ऐकून घेतलं, आणि कागद पुढे ठेवला. मला ठाऊक होतं ते काय सांगणार. मी पेन टेकवलं, टोकाकडे न पाहता कागदाच्या ज्या भागात अजून काही नव्हतं तिकडे पाहिलं, आणि रेघ वेढे घेत बाहेर आली, मोठी, मोकळी, शेवटी कागदाच्या कडेवरून टेबलावर गेली. कमलाक्षीने श्वास सोडलेला मला ऐकू आला. आणि त्याच क्षणी माझ्या मनात दुसरा किडा वळवळला. मी म्हणालो, डॉक्टर, हे धरू नका. मी याचा चाळीस दिवस सराव केला आहे. कमलाक्षीने छताकडे पाहिलं. "कशासाठी सराव?" डॉक्टरांनी विचारलं. गोधडीसाठी, मी म्हणालो. मला पेपर आधी फुटला होता. ते इतके हसले की बाहेरची नर्स डोकावली. मग त्यांनी माझी मनगटं फिरवून पाहिली, अंगठ्यावर तर्जनी आपटायला लावली, भराभर, मोठं अंतर ठेवून; खुर्चीतून हात न टेकता उठवलं; बोळातून चालवलं आणि माझे हात दोन्ही बाजूंना हलतात की नाही ते पाहिलं. परत येऊन बसलो तेव्हा ते तमिळमध्ये म्हणाले, सार, तुमच्या वडलांचा आजार सरावाला फसत नाही. ज्याला तो असतो त्याची रेघ त्याच्या नकळत लहान होते, कितीही घोकलं तरी. तुमच्यात मला त्याची एकही खूण दिसत नाही. कोणी पाहत असलं की तुमचा हात कापतो, एवढंच. त्याला माझ्याकडे गोळी नाही. वर्षाने या, तेव्हा पुन्हा पाहू. आणि गोधडी झाली की फोटो दाखवा.

बाहेर ऊन होतं. कोपऱ्यावरच्या हॉटेलात आम्ही कॉफी घेतली. कमलाक्षी खांदा सावरत डाव्या हाताने साखर ढवळत होती आणि काहीतरी सांगत होती, व्यायाम शिकवणाऱ्या मुलीचं लग्न की काय; आणि ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की मी एका हाताने पेला उंच धरून कॉफी खालच्या डवऱ्याच्या पसरट वाटीत ओतत होतो, पुन्हा वर, पुन्हा खाली, हातभर लांब धार, नेहमीसारखी. मी लगेच धारेकडे पाहिलं, आणि थोडी टेबलावर सांडली. "पाहूं नका," ती म्हणाली, लग्नाची गोष्ट न थांबवता.

गोधडी जुलैच्या शेवटी झाली. मधल्या चौकोनावर माझी पहिली काही वळणं आहेत, अडखळत गेलेली. ती मी उसवायला घेतली तर कमलाक्षीने कात्री काढून घेतली. दिव्यश्रीने फोनवर विचारलं, "अज्जी, मधलं कोणीं केलं?" "ताता," ही म्हणाली, म्हणजे आजोबा, मी. "ताता? निजमा?" खरंच का, असं तिने तमिळमध्ये विचारलं, आणि मग बराच वेळ ते मधलंच दाखवायला लावलं. मी फोन हातात धरून दाखवलं.

गोधडी गेल्यावर घर मोकळं मोकळं वाटू लागलं. एका दुपारी मी त्या मोडी पत्रांच्या छायाप्रती काढल्या. तिसऱ्या लेखकाची अकरा पत्रं खिडकीत मांडली आणि या वेळी कंपाकडे न पाहता कंपाच्या पलीकडे पाहिलं: 'र'ची गाठ तो कुठून घेतो, ओळ संपताना लेखणी कशी वर झटकतो. मग पहिल्या, देखण्या लेखकाचं सर्वांत जुनं पत्र शेजारी ठेवलं. तिसऱ्याची पत्रं ज्या पावसाळ्यात थांबतात, त्याच वर्षीच्या हिवाळ्यात पहिल्याची सुरू होतात. ही गोष्ट माझ्याच यादीत माझ्याच अक्षरात लिहिलेली होती, आणि मी ती कधी वाचली नव्हती. गाठ तीच होती. झटकाही तोच. तो मेला नव्हता. त्याचा हात बसला होता.

मी यादी छापणाऱ्या संस्थेला पत्र लिहायला घेतलं. 'वृद्ध व व्याधिग्रस्त' हे शब्द गाळावेत. 'नवशिका असावा' असे वाचावे. 'निवर्तला' या विधानास आधार नाही. पहिला व तिसरा लेखक एकच असण्याची दाट शक्यता आहे. चुकीबद्दल क्षमस्व. आतून कमलाक्षीने हाक मारली, निळं रीळ कोठें ठेवलें हो, सौम्यासाठी उशीचा अभ्रा करायचा आहे, कीं तुम्हीच करणार? मी करतो म्हणालो. कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहिलं, जिथे अजून काही नव्हतं, आणि सही केली. ती पडद्यावरच्या त्या जुन्या सहीसारखी आली नाही. शेपूट थोडं जास्तच लांब गेलं, अप्पांसारखं. मी कागद घडी घालून पाकिटात टाकला आणि रीळ शोधायला उठलो.